दत्तारामची टाच

"आणखी," सुगंधा म्हणाली.

"बास गो. तुटंल आता."

"काय तुटत नाय. मॅडमनी सांगितलंय, ओढ बसेपर्यंत. आणखी."

दत्ताराम भिंतीला पाठ लावून सतरंजीवर पाय पसरून बसला होता. उजव्या पायाच्या चवड्याभोवती जुन्या टॉवेलचा फास होता आणि टॉवेलची दोन्ही टोकं सुगंधाच्या मुठीत होती. खरं म्हणजे टॉवेल त्यानं स्वतः ओढायचा, हॉस्पिटलातल्या व्यायामाच्या मॅडमनी तसंच दाखवलं होतं. पण स्वतःला दुखेल एवढं ओढायचं म्हटलं की त्याचे हात ढिले पडत. शेवटी मॅडमच कंटाळून म्हणाल्या, "बाई, तुम्हीच ओढा हो. हे फार लाड करतात स्वतःचे." तेव्हापासून टॉवेल सुगंधाकडे आला तो आलाच.

पोटरीच्या खालून टाचेपर्यंत टाक्यांचा वण उतरला होता, गुलाबी आणि फुगीर. त्याच्या आत तुटलेली जाड शीर डॉक्टरांनी शिवून ठेवली होती. सुगंधा टॉवेल ओढायची तेव्हा वण ताणून पांढरा पडायचा. तो तसा पांढरा पडलेला बघायला तिला आवडायचं.

शेजारच्या शेवंतीकाकू नळावरून येताना दारात थांबल्या. कमरेवरचा हंडा सावरत म्हणाल्या, "सावित्री गो माझी बाय ती! आमच्या ह्यांचा पाय असा मोडला असता ना, तर मी ढुंकून बघितलं नसतं. दत्ताराम, पुण्य केलंस रे मेल्या."

दत्ताराम कसनुसं हसला. सुगंधाही हसली आणि तिनं टॉवेल आणखी थोडा ओढला.

सावित्री म्हणे! त्या पायाची आणि सुगंधाची ओळख फार जुनी होती, आणि ती पूजेतली नव्हती. दत्ताराम विक्रोळीच्या एका कारखान्यात हेल्पर. पण पार्कसाइटच्या डोंगरावरच्या त्यांच्या वस्तीत त्याला कुणी हेल्पर म्हणून ओळखत नसे. शक्ती-तुऱ्याच्या नाचगाण्यात मार्तंड शाहिराच्या शक्तीवाल्या पार्टीतला तो पहिल्या नंबरचा नाचणारा. मध्ये शाहीर आणि ढोलकी, भोवती उजव्या पायात घुंगरं बांधलेल्या गड्यांचं रिंगण, आणि त्या रिंगणात दत्तारामचा पाय आपटला की बघणाऱ्याच्या छातीत धस्स व्हायचं. हाच पाय घरी आला की जेवणाच्या ताटावर बसायचा, स्टोव्हवर बसायचा, सुगंधाच्या कमरेत बसायचा. पिऊन असला तर कारण लागत नसे आणि न पिता असला तर कारण तो शोधून काढायचा.

बाकीच्या लाथा तिनं गिळल्या होत्या. एक मात्र घशात अडकून राहिली होती. एका गणपतीच्या आधी त्यांच्याच अंगणात पार्टीची तालीम चालली होती. रॉकेल संपलं म्हणून चहाला उशीर झाला. सुगंधा किटली घेऊन बाहेर आली आणि सगळ्या पार्टीदेखत दत्तारामनं नाचता नाचता पाय फिरवावा तसा तिच्या कमरेत घातला. ती किटलीसकट पडली. चहा हातावर, साडीवर, फरशीवर. मार्तंड शाहिरानं मान खाली घातली. मग ढोलकीवाल्यानंच अवघडून ढोलकीवर थाप टाकली आणि गाणं पुढं सुरू झालं. सुगंधा फरशीवर बसून फडक्यानं चहा पुसत होती आणि तिच्या भोवती गौळण चालली होती.

त्या दिवशी तिनं ठरवलं. लेकीचं, शकुचं लग्न होऊ दे, मग या घरात एक दिवस राहायचं नाही. ती भांडुपला औषधांच्या कंपनीत पॅकिंगला होती, स्वतःचं पोट स्वतः भरत होती. तिच्याच टेबलावरची राधा मुलुंडला एकटी राहायची. ती म्हणाली, "माझ्या खोलीत दोघी आरामात मावतो. तू फक्त ये." शकुचं लग्न वैशाखात झालं, पोरगी बोरिवलीला नांदायला गेली. आषाढ लागला आणि सुगंधानं पिशवी भरायला घेतली.

आणि त्याच आठवड्यात हा पाय तुटला.

तालमीत गिरकी घेऊन दत्ताराम उजव्या पायावर उतरायला गेला, फट्‌दिशी आवाज झाला आणि गडी आडवा. पडल्या पडल्या मागं वळून ओरडला, "कुणी लाथ मारली रे? कुठल्या हरामखोरानं लाथ घातली मला?" मागं चिटपाखरू नव्हतं. टाचेवरची शीर तुटली की असंच वाटतं, असं डॉक्टर नंतर म्हणाले. मागून कुणीतरी जोरात लाथ घातल्यासारखं. शेवंतीकाकूंनी ही हकिगत घरोघर सांगितली. सुगंधानं ती ऐकून घेतली, मोरीत गेली, पदराचा बोळा तोंडात कोंबला आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली.

पण हसू ओसरल्यावर तिच्या लक्षात आलं, की ती अडकली. धडधाकट नवऱ्याला सोडून गेलेली बाई आठ दिवस तोंडी लावायला पुरते. लंगड्या नवऱ्याला टाकून गेलेली बाई जन्मभर पुरते. शकुची सासू तर आधीच टपून बसलेली. 'आई तशी लेक' म्हणायला तिला एवढंच हवं होतं. पोरीचा संसार आपल्या पायी नासवायचा नाही. तेव्हा आधी हा बरा झाला पाहिजे. नुसता बरा नाही, चारचौघांनी 'ठणठणीत' म्हणावं असा.

म्हणून सुगंधा त्या पायाच्या मागं हात धुऊन लागली.

गणपती होऊन गेल्यावर प्लास्टर निघालं. आतून जे निघालं ते बघून दत्ताराम लहान पोरासारखा रडला. पोटरी सुकून काडी झाली होती, पाऊल खाली लोंबत होतं. मॅडमनी सुगंधाला सगळं समजावलं. गरम पाण्यात पाय ठेवायचा, वणाला तेल चोळायचं, टॉवेलनं ओढायचं, तळव्याखाली बाटली फिरवायची. "घाई नको हं," त्या म्हणाल्या, "हिसका बसला तर टाके निसटतील, परत ऑपरेशन करावं लागेल."

त्या रात्री टॉवेल हातात घेऊन सुगंधा जरा वेळ तशीच बसली होती. एक हिसका. पाठीवरची वीस वर्षं एका हिसक्यात फिटली असती आणि सावित्रीवर कुणी संशयही घेतला नसता. तिच्या हातात तेवढा जोर नक्की होता. पण मग हा परत खाटेवर आणि आपण परत त्याच्या पायथ्याशी. तिनं टॉवेल बेतानं ओढला. सूडालासुद्धा मापात राहावं लागतं, हे तिला तेव्हा कळलं.

दुखणं हत्तीच्या पायानं येतं आणि मुंगीच्या पायानं जातं. मुंगी चालत होती. टॉवेल झाला, मग मॅडमनी दुसरा व्यायाम दिला. सुगंधानं तळहात आडवा धरायचा आणि दत्तारामनं त्या हाताला पावलानं ढकलायचं.

"ढकला."

त्यानं ढकललं. मांजराच्या पिल्लानं ढकलावं तेवढं.

"एवढंच?" सुगंधा म्हणाली. "लाथ घालताना बरा जोर यायचा."

खाली मान घालून त्यानं परत ढकललं. सुगंधाचा हात जागचा हलला नाही.

"आणखी," ती म्हणाली.

दिवाळीत तो काठी घेऊन उभा राहिला, संक्रांतीला काठी सुटली. दारूही सुटली होती, कारण डोंगर उतरून गुत्त्यापर्यंत जाणं जमत नव्हतं, आणि आणून देणारं कुणी नव्हतं. खिडकीचे गज धरून दोन्ही टाचा उचलायला तो शिकला. कधीकधी सुगंधाला येताना भाजी चिरून ठेवलेली दिसायची. ती ते बघून न बघितल्यासारखं करायची. सुगंधा कामावर जाताना रोज डब्याच्या पिशवीत स्वतःची एकेक साडी नेत होती आणि राधाच्या हवाली करत होती. कपाटात आता नेसायच्या तेवढ्याच उरल्या होत्या.

आता एकच गोष्ट राहिली होती. मॅडम म्हणाल्या होत्या, "ज्या दिवशी हे या एकट्या पायावर उभं राहून टाच उचलतील आणि धरून ठेवतील, त्या दिवशी माझं काम संपलं. मग खुशाल नाचा."

आणि नेमकं तिथंच घोडं अडलं. दत्ताराम डावा पाय उचलायचा, उजव्यावर जोर द्यायचा, तोंड वाकडं करायचा आणि मटकन टाच टेकायचा. "नाय जमत गो. चमकतंय आतून." मॅडमनी पोटरी दाबून बघितली. "स्नायू तर छान भरलाय. खरं तर जमायला हवं," त्या स्वतःशीच पुटपुटल्या. सुगंधानं तेल वाढवलं, व्यायाम वाढवला. टाच काही उठेना.

एक दिवस कंपनीत वीज गेली आणि बायकांना दुपारीच सोडलं. सुगंधा मागच्या गल्लीनं घरी आली. खिडकी अर्धी उघडी होती. आत दत्ताराम बनियनवर उभा होता. उजव्या पायावर. एकट्या उजव्या पायावर, टाच चांगली वर उचललेली, डावा पाय गुडघ्यात दुमडलेला, आणि ओठांनी न आवाज करता ढोलकीचे बोल म्हणत होता. टाच खाली आणली, परत उचलली. अंग इतकं स्थिर, की डोक्यावर तांब्या ठेवला असता तर हिंदकळला नसता.

सुगंधा तशीच मागं फिरली आणि नळाच्या कट्ट्यावर जाऊन बसली. रोजच्या वेळेला घरी आली.

"आज बघूया?" तिनं विचारलं.

दत्तारामनं खिडकीचा गज धरला, डावा पाय उचलला, तोंड वाकडं केलं. "नाय गो. चमकतंय."

झोपलेल्याला जागं करता येतं, सोंग घेतलेल्याला कोण जागं करणार? पण सोंग कशासाठी, ते तिला कळेना. जायचा बेत राधाशिवाय फक्त शकुला ठाऊक होता. रविवारी शकु आली तेव्हा तिनं पोरीला नळावर गाठलं.

"तू काय बोललीस बाबांजवळ?"

शकुचा चेहराच पडला. "दिवाळीत बोलले गं. पाय बरा झाला की आई जाणार म्हणते, म्हटलं. मला वाटलं, सांगितलं तर सुधरतील. रडत होते गं आई. म्हणाले, मग बरा कशाला होऊ?"

सुगंधाच्या हातातली बादली भरून वाहू लागली तरी तिला भान नव्हतं. ज्या नाचापायी या माणसानं बायको, पोर, नोकरी कशाकशाची पर्वा केली नाही, तो नाच तो तिला थांबवण्यासाठी सोडून बसला होता. क्षणभर तिला बरं वाटलं. आतून ऊब आल्यासारखं बरं वाटलं, आणि त्याचाच तिला भयंकर राग आला. लाथ मारून ठेवत होता, आता लंगडून ठेवतोय! वीस वर्षांत एकदा 'चुकलं' म्हणाला असता तर? ते नाही सुचलं. सुचलं ते सोंग.

ठीक आहे, ती मनात म्हणाली. बघू कुणाचं सोंग टिकतं.

माघी गणपतीत मैदानावर शक्ती-तुऱ्याचा सामना ठरला होता. मार्तंड शाहिराच्या शक्तीवाल्यांसमोर भांडुपच्या काशीराम शाहिराचे तुरेवाले. सामन्यात एका शाहिरानं गाण्यातून डिवचायचं आणि दुसऱ्यानं गाण्यातून उत्तर द्यायचं, ही रीत. आणि काशीराम शाहिराची बायको रुक्मिणी सुगंधाच्याच कंपनीत, पुढच्या टेबलावर बाटल्यांना लेबलं लावायची.

"काय गं, येणार ना तुमचा हिरो?" रुक्मिणीनं जेवणाच्या सुट्टीत विचारलं.

"कुठला हिरो आणि काय!" सुगंधा डबा उघडत म्हणाली. "टाच उचलत नाय. खुर्चीत बसून बघणार. बायकोच्या हाताशिवाय उठवत पण नाय, सांगू नकोस हां कुणाला."

"छे छे, मी कशाला सांगू?" रुक्मिणी म्हणाली. तिच्या कानांनी ते कसं टिपून घेतलं ते सुगंधाला दिसलं. ती निवांतपणे जेवली.

सामन्याच्या संध्याकाळी दत्ताराम यायला तयार नव्हता. "नाचता येत नाय तिथं जाऊन काय करू?"

"बघा तरी. मार्तंड शाहिरांनी पहिल्या रांगेत खुर्ची ठेवलीय. आणि तुमची घुंगरं पूजेला लागतील की नको?" प्रत्येक नाचणाऱ्याची घुंगरं आधी शाहिरासमोर पुजायची असतात. ते त्याला टाळता येईना. तो आला, लंगडत आला, सगळा डोंगर त्याला वाट करून देत होता. पूजा झाल्यावर सुगंधानं घुंगरांचा पट्टा उचलून आणला आणि त्याच्या खुर्चीपाशी ठेवला.

मैदान भरलं होतं. शक्तीवाल्यांची पहिली बारी झाली, दत्तारामशिवायचं रिंगण पोकळ वाटत होतं. मग काशीराम शाहीर उठला, मिशीला पीळ देत त्यानं सरळ पहिल्या रांगेकडं बोट केलं.

"डोंगरावरचा घोडा नामी, हो जी घोडा नामी,
डागदरानं नाल ठोकली, तरी येईना कामी!"

मैदान हसलं. माना दत्तारामकडं वळल्या. तो हसल्यासारखं करून बसून राहिला. सुगंधा त्याच्या तोंडाकडं बघतच नव्हती. तिची नजर त्याच्या उजव्या पावलावर होती. ढोलकी वाढली तशी चपलेतली बोटं आखडली. टाच उचलली, टेकली. परत उचलली.

"बायकोच्या हाती लगाम त्याचा, हो जी लगाम त्याचा,
खुर्चीवरनं ताल धरतो, पाय मोडका ज्याचा!"

शिट्ट्या वाजल्या. तुरेवाल्यांच्या बाजूनं कुणीतरी घोड्यासारखं खिंकाळलं. दत्तारामनं मान वळवून सुगंधाकडं बघितलं. हे बाहेर कुणी नेलं ते त्याला त्या क्षणी कळलं. त्याचे डोळे पाण्यानं भरले होते.

"सुगंधा," तो हळूच म्हणाला, "उठवू नकोस मला."

"मी कुठं उठवतेय?" ती म्हणाली. "बसून राहा ना. पाय दुखतोय ना तुमचा?"

तो बसला. खुर्चीचे हात घट्ट धरून बसला. मार्तंड शाहिरानं उत्तराचं गाणं उचललं, रिंगण फिरायला लागलं, ढोलकीवाल्यानं दत्तारामचा ठेका धरला, त्याच्यासाठीच राखून ठेवलेला. गड्यांनी रिंगणात एक जागा मोकळी सोडली होती. ती मोकळी जागा एकदा त्याच्या समोरून गेली. दुसऱ्यांदा गेली. तिसऱ्यांदा येईपर्यंत त्यानं चपला भिरकावल्या होत्या आणि वाकून घुंगरं बांधत होता.

मैदान उभं राहिलं. रिंगणात शिरल्या शिरल्या त्यानं पाय आपटला आणि सुगंधाच्या छातीतसुद्धा धस्स झालं. कुणाला लंगडणं आठवलंही नाही. गिरकी, बैठक, पुन्हा गिरकी, आणि मग तो एकट्या उजव्या पायावर थांबला. टाच वर उचलून, हात पसरून, ढोलकीवाल्यानं श्वास रोखून ठेवावा इतका वेळ. तुरेवाल्यांच्या पोरांनीसुद्धा टाळ्या पिटल्या.

शेवंतीकाकू पदरानं डोळे पुसत होत्या. "अगो बघ, बघ तरी! तुझ्या हाताला यश गो बाय!"

"बघितलंत ना काकू?" सुगंधा मोठ्यानं म्हणाली. मागच्या दोन-तीन रांगांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं. "बरा झाला ना पाय?"

"ठणठणीत! पयल्यापरीस बरा!"

"सगळ्यांनी बघितलं?"

"न बघायला काय झालं! पण तू उठलीस कुठं?"

"मी चालले, काकू. मुलुंडला. आता कायमची तिथंच राहणार."

शेवंतीकाकूंचं तोंड उघडंच राहिलं. त्या दिवशी सुगंधा किटलीसकट पडली तेव्हा मागच्या रांगांतल्या बऱ्याच जणी दाराआडून बघत होत्या. एकीनं पाय आवरून घेऊन वाट दिली.

रिंगण फिरून दत्ताराम समोर आला तेव्हा सुगंधा उभी होती. त्याच्या पुढच्या फेरीला ती मैदानाभोवतीच्या दोरीपलीकडं पोचली होती. तिथं मात्र ती थांबली. असं सबंध, निवांत त्याला नाचताना तिनं कितीतरी वर्षांत बघितलं नव्हतं. दर वेळी ती चहा करत होती, किंवा कण्हत होती. आता दोरीबाहेर, परक्या बाईसारखी उभी राहून तिनं बघितलं. सुंदर नाचत होता. एवढा सुंदर नाचणारा माणूस आपल्या वाट्याला आला होता आणि आपल्याला त्याचा पायच तेवढा मिळाला, याचं तिला वाईट वाटलं. खूप वाईट वाटलं. तरी ती वळली.

गाणं संपायच्या आत रिंगण मोडून बाहेर पडलेला गडी आपल्या बाजूची हार घेऊनच बाहेर पडतो. मार्तंड शाहीर रंगात आला होता, उत्तरावर उत्तर देत होता, कडव्यामागून कडवं रचत होता. दत्ताराम दर फेरीला दोरीकडं बघत होता आणि त्याचा पाय ठेक्यावर बरोबर पडत होता.

सुगंधानं डोंगराची उतरण धरली. खाली रस्त्यापर्यंत ढोलकी ऐकू येत होती. मुलुंडची बस आली तेव्हाही गाणं चालूच होतं.